तांबेसाहेबांची कॅसेट

ज्या कॅसेटची दुसरी बाजू कोरी होती, तिच्या दुसऱ्या बाजूचं मी कित्येक वर्षं मनापासून कौतुक केलं. कौतुक खोटं होतं, पण मनापासून होतं. म्हणजे खोटं बोलताना मी कष्टात कसूर केली नाही. एका माणसाच्या घरात बसून, त्याचा चहा पीत मी त्याला सांगत होतो की पहिल्या बाजूपेक्षा मला दुसऱ्या बाजूची गाणी जास्त आवडतात. आणि तो माणूस मान डोलवत होता. ही चूक आधीच सांगून टाकलेली बरी. नाहीतर तांबेसाहेबांविषयी लिहिताना माझा हात सारखा अडेल.

तांबेसाहेब आमच्या जेसल पार्कमधल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहायचे. मी दुसऱ्या. 'साहेब' ते कुठेच नव्हते. उमेदीची वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर साहेबांची ताटं मांडण्यात घालवली. नंतर समुद्र सोडून भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात सुपरवायझर झाले. पण त्यांच्याकडे इंग्रजी गाण्यांची तबकडी होती, तेवढ्यावर बिल्डिंगने त्यांना साहेब करून टाकलं. मूळ गाव चिपळूणकडचं. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणायचे, "जहाज धक्क्याला लागायचं तेव्हा बहिणींची लग्नं असायची. माझं राहून गेलं."

तबकडी एकच. इंग्लंडमधल्या कुठल्याशा पंक बँडची. वेष्टनावर चार हडकुळी पोरं भिंतीला टेकून आपल्याकडे अशी बघत होती, जणू आपण त्यांची सायकल चोरलीय. गाणी म्हणजे काय, तर एक जण जिवाच्या आकांताने ओरडतोय, दोघं गिटारी बडवताहेत आणि चौथा ढोलांवर तुटून पडलाय. "हा ढोलवाला बघा, कायम घाईत," तांबेसाहेब कौतुकाने सांगायचे. "याला भरतीच्या आधी निघायचंय."

ती तबकडी लावायची त्यांची वेळ ठरलेली होती. रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची तेव्हा. त्या काळात त्या तासाला अख्खं भाईंदर घरात असायचं. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ते शेजाऱ्यांच्या घरात असायचे. प्रत्येक घरातून शंख, बाण आणि आकाशवाणी एकाच वेळी पूर्ण आवाजात ऐकू यायची. त्या गदारोळात तांबेसाहेब तबकडीचा आवाज शेवटपर्यंत वाढवायचे आणि कुणाला पत्ता लागत नसे. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. आणि बघायला या, असं त्यांना कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही म्हटलं नव्हतं.

पत्ता लागायचा तो फक्त मुर्ध्याहून येणाऱ्या मासळीवाल्या मावशीला. तिला मालिकेशी देणंघेणं नव्हतं. ती जिन्यात टोपली टेकून वर बघायची आणि माझ्या बायकोला विचारायची, "कोन वरडतंय गो वर?"

"ते तांबेसाहेबांकडे गाणं लागलंय."

"गानं हाय ते? मना वाटला भांडान हाय. पन घरान तं येकलाच हाय ना तो? मंग भांडतंय कोनाशी?"

तांबेसाहेबांची आणखी एक खोड होती. लग्न, बारसं, मुंज, वास्तुशांत, काहीही असो, ते त्या तबकडीवरून भरलेली कॅसेट भेट द्यायचे. भांड्यांच्या गाळ्यातला माणूस म्हटल्यावर लोक डब्याची, कळशीची आशा धरून असायचे. हातात पडायची कॅसेट. पांढऱ्या कागदात गुंडाळलेली, वर सुरेख अक्षरात 'सप्रेम भेट'. देताना ते एवढंच म्हणायचे, "ऐकून सांगा."

कुणी काही सांगितलं नाही. त्या काळी चांगल्या कंपनीची नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे चैनीची वस्तू. कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक पापुद्रे असतात, एकेका बाजूचा एकेक. पापुद्रा मोडला की त्या बाजूवर परत भरता येत नाही. पण मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की सगळं भरता येतं. हे शास्त्र भाईंदरात पोराबाळांना ठाऊक होतं. तळमजल्यावरच्या जयाबेननी तर जिन्यात सगळ्यांदेखत सांगितलं, "तांबेभाई, आपकी कॅसेट बहुत मजबूत है हं! दोनों साइड पूरा गरबा आ गया."

तांबेसाहेब म्हणाले, "अरे वा. वाजती तो अच्छी है ना?"

नवरात्रात रात्रभर खाली अंगणात ती वाजली. ते वरून कठड्याला रेलून ऐकत होते.

मला माझी कॅसेट वास्तुशांतीला मिळाली. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी ती टेपरेकॉर्डरमध्ये घातली. एक माणूस ओरडून आकडे मोजू लागला, 'चार' म्हणताच घरावर पत्रे कोसळल्यासारखा आवाज झाला आणि आतून बायको धावत आली. "अहो, बंद करा आधी! सकाळीच देव बसवलेत." मी बंद केली. कॅसेट कपाटात गेली.

पुढच्या रविवारी जिन्यात तांबेसाहेबांनी गाठलं. "काय दातार, ऐकलीत?"

"हो हो! ऐकली ना."

"काय आवडलं?"

आता आमच्या ऑफिसात एक पद्धत होती. साहेबांचं लांबलचक टिपण न वाचता 'शेवटचा परिच्छेद फार मुद्देसूद झालाय' असं म्हणायचं. शेवटचा आवडला म्हणजे आधीचे वाचलेच असणार, असं साहेब समजतात. त्या जोरावर मला बढती मिळाली होती. तेच हत्यार मी जिन्यात काढलं.

"मला विचाराल तर दुसरी बाजू. दुसरी बाजू जास्त आवडली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दुसरी बाजू? काय आवडलं तिच्यातलं?"

"शांत आहे," मी म्हणालो. "पहिल्यापेक्षा बरीच शांत आहे."

"हो," तांबेसाहेब म्हणाले. "शांत आहे खरी." आणि मग, "या ना वर. चहा घ्या."

अशी ती रविवारची सुरुवात झाली. मालिका संपली की मी वर जायचो. त्यांच्या खोलीत एक खाट, दोन खुर्च्या, बाबासाहेबांची तसबीर, तबकडीचं यंत्र आणि खिडकीतून लांबवर दिसणारी मिठागरं, एवढंच. खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत असायची. मी जाऊ लागल्यावर ती चळत खाली गेली. चहा ते जहाजावरच्या शिस्तीने मांडायचे. ट्रे, रुमाल, वेगळं दूध. मग समोर बसून विचारायचे, "मग? या आठवड्यात दुसरी बाजू कशी वाटली?"

आणि मी सांगायचो. काय काय सांगायचो! ऑफिसात अपमान झाला असेल तर म्हणायचो, "या वेळी जरा कडवट वाटली हो." मुलीला ताप असला तर, "मधे मधे धाकधूक होते ऐकताना." वडील गेले त्या महिन्यात मी म्हणालो होतो की दुसरी बाजू अंधार पडल्यासारखी वाटते. ते लक्ष देऊन ऐकायचे. कधीच म्हणाले नाहीत की कुठलं गाणं, कुठली ओळ. फक्त विचारायचे, "आणि आता? आता बरी वाटते का?"

एकदा मीच धीर करून विचारलं, "तांबेसाहेब, इतकी वर्षं तेच ऐकता. दर वेळी नवीन काही ऐकू येतं का?"

"छे! तेच ऐकू येतं. तेच पाहिजे असतं." मग म्हणाले, "यांना धड वाजवता येत नाही, ते कळतं ना तुम्हाला? पण शिकून येतो मग वाजवतो, असं म्हणाले असते, तर तोवर राग निघून गेला असता. तक्रार सुरात करत नाहीत, दातार. यांचं अर्धं इंग्रजी मला अजून कळलेलं नाही. पण माणूस खरं बोलतोय, तेवढं कळतं. तेवढ्यासाठीच ऐकतो."

'खरं बोलतोय' या शब्दांशी मी चहाचा घोट जोरात गिळला.

तबकडी मिळाली त्याची गोष्टही त्यांनी तेव्हाच सांगितली. त्यांचं जहाज इंग्लंडच्या एका बंदरात संपामुळे अडकून पडलं होतं. थंडी मरणाची. ऊब मिळेल म्हणून ते एका दरवाजातून आत शिरले, तर आत हीच चार पोरं वाजवत होती. समोर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे केस आणि कानात सेफ्टी पिना घातलेला घोळका एकमेकांवर आदळत होता. "मला वाटलं दंगल चाललीय. मागे फिरणार, तेवढ्यात धक्का बसला आणि आपटलो खाली. म्हटलं, संपलं, आता तुडवणार. तर चौघांनी उचललं हो! खांद्याला धरून सरळ उभं केलं, अंग झटकलं आणि परत लागले उड्या मारायला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आमच्या गावात पडलो असतो तर हात लावायच्या आधी कोणाचा ते विचारलं असतं." दुसऱ्या दिवशी ते दुकान शोधत गेले आणि तबकडी घेऊन आले. पुढे जहाज बदललं, कंपनी बदलली; तबकडी गादीखाली सपाट ठेवून त्यांनी सगळीकडे नेली.

हे ऐकूनही मी घरी जाऊन पहिली बाजू लावली नाही. लावायला पाहिजे होती. आळस होता, बायकोचं निमित्त होतं, आणि न ऐकता इतकं छान जमत होतं.

मग एका संध्याकाळी मुलीला शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कोरी कॅसेट हवी होती. तिने कपाट उपसलं, टेपरेकॉर्डर लावला आणि ओरडली, "बाबा, ही अर्धी कोरी आहे. हिच्यावर भरू?"

मी कॅसेट काढून घेतली. पाठीवरचा एकच पापुद्रा मोडलेला होता. दुसरा जागच्या जागी. मी ती दुसरी बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. एखादं तरी गाणं असेल, निदान शेवटी असेल, म्हणून ऐकली. नुसती सरसर. मध्ये मुलगी दोनदा येऊन विचारून गेली, "बाबा, काय ऐकताय?"

त्या रविवारी मी वर गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काय तोंड घेऊन जाणार? त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी वर्षानुवर्षं त्यांच्या समोर त्या सरसरीतली खोली समजावून देत होतो! त्यांनी माझी मजा पाहिली असेल, असाही एक कडवट विचार मनात आला. रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन बाजारात जाऊ लागलो. जिन्यात पावलं वाजली की दाराआड थांबायचो. एकदा त्यांनी बेल वाजवली. मी बायकोला खुणेने सांगितलं, घरात नाही. दाराबाहेर ते म्हणत होते, "काही नाही वहिनी. सहज आलो होतो. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

या सगळ्यात काळ बदलला होता. मालिका केव्हाच संपली होती. केबल आली, ज्याला जे पाहिजे ते ज्या त्या वेळी लागू लागलं, आणि रविवारची सकाळ शांत झाली. त्या शांततेत तांबेसाहेबांची तबकडी पहिल्यांदाच बिल्डिंगला ऐकू आली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. "तांबेभाई अच्छा आदमी है, लेकिन ये बोंबाबोंब?" जयाबेन म्हणाल्या. कुणी म्हणालं, मुलांची परीक्षा आहे. तांबेसाहेब आले नव्हते. मी सेक्रेटरी. मला सांगता आलं असतं की आठवड्यातला एक तास आहे, सोडा ना. मी सांगितलं नाही. फळ्यावर नोटीस लिहिली ती माझ्याच अक्षरात. नाव घातलं नाही, 'सर्व सभासदांना' असं घातलं. आमच्या ऑफिसातली तीही एक पद्धत.

पुढच्या रविवारी वरून आवाज आला नाही. आणि त्याच्या पुढच्याही. बिल्डिंगला बरं वाटलं. मला वाटेना. बाजारात न जाता मी घरात बसून छताकडे बघत राहायचो.

शेवटी मावशीनेच विचारलं. टोपली टेकली, वर पाहिलं आणि म्हणाली, "तो भांडनारा बाबा हाय का गेला गो? काय आवाज न्हाय."

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी चपला न घालताच जिना चढलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. तबकडी फिरत होती. तांबेसाहेब जमिनीवर मांडी घालून, स्पीकरच्या जाळीला कान लावून बसले होते. इतक्या बारीक आवाजात लावली होती की दारात उभं राहून मला काहीच ऐकू येईना. एवढा मोठा माणूस, अर्धं डोकं पांढरं, आणि भिंतीपलीकडचं ऐकावं तसा वाकून बसलेला. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रं परत आली होती.

मला पाहिल्यावर गडबडून उठले. "या या. खाली ऐकू येत नाही ना? मी बघून आलो होतो जिन्यात जाऊन."

"नाही येत," मी म्हणालो. मग म्हणालो, "तांबेसाहेब, ती दुसरी बाजू..."

"कोरी आहे. माहितीय मला, मीच ठेवली." ते वर्तमानपत्रं उचलू लागले. "जहाजावर तसंच चालायचं. एका बाजूला आपण आपलं आवडतं भरायचं, दुसरी कोरी द्यायची. घेणारा तिच्यावर त्याचं आवडतं भरतो आणि परत आणून देतो. केरळचा, गोव्याचा, फिलिपिन्सचा, सगळ्यांच्या कॅसेटी अशा फिरायच्या. इथे सांगायचं राहून गेलं. सांगून मागायचं कसं? खिरीच्या वाटीत साखर घालून परत द्या, असं सांगावं लागतं का कुणाला?"

"मग मी इतकं खोटं बोलत होतो, तेव्हा अडवलं का नाहीत?"

"अडवलं असतं तर पुढच्या रविवारी आला असतात?"



त्यांनी खुर्ची रिकामी केली, रुमालाने पुसली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "यायचं का थांबलात तेवढं सांगा. मी खूप आठवून पाहिलं. शेवटच्या रविवारी काय बोललो, चहा कसा झाला होता. माझं नक्की काय चुकलं ते सापडेना."

मी यंत्राजवळ जाऊन म्हणालो, "पहिल्यापासून लावा. आणि आवाज वाढवा."

"अहो, नोटीस आहे."

"ती मीच लिहिलीय. वाढवा."

त्यांनी सुई उचलून पहिल्या गाण्यावर ठेवली आणि बटण फिरवलं, आधी थोडं, मग माझ्याकडे बघून आणखी. तो माणूस ओरडून आकडे मोजू लागला. या वेळी मी बसून राहिलो. मला आवडलं, असं म्हणणार नाही. खोटं पुरे झालं. कान दुखत होते. शब्द एक कळत नव्हता. पण आयुष्यभर दाराआड उभं राहून लोकांची पावलं ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला, कुणी इतक्या उघड उघड काही सांगू शकतो, हे ऐकत राहावंसं वाटलं. मी उठलो नाही.

तिसरं गाणं चालू असताना मी बोलायला तोंड उघडलं. तांबेसाहेबांनी कानामागे हात धरला. "काय?"

"म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही!"

"काय?"

मी आणखी जोरात ओरडलो. माझा आवाज एवढा मोठा होतो हे मलाच ठाऊक नव्हतं. "मी लाजेने आलो नाही! घरात असून नाही म्हणून सांगितलं!"

"ऐकू येत नाहीये, दातार!"

"माझी चूक झाली! मला माफ करा!"

आणि नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं. त्या गाण्यांना हळूहळू संपायची सवय नाही. ती तोडल्यासारखी थांबतात. 'मला माफ करा' एकटंच त्या शांततेत पडलं आणि उघड्या दारातून सगळ्या जिनाभर घुमलं. खाली दारं उघडल्याचे आवाज आले. जयाबेन ओरडल्या, "शुं थयुं? दातारभाई?" दुसऱ्या मजल्यावरून बायको म्हणाली, "अहो, काय झालं?"

तांबेसाहेबांनी पुढच्या गाण्याच्या आत सुई उचलून धरली. सगळी बिल्डिंग कान देऊन उभी होती. मी त्यांच्या समोर उभा राहिलो आणि तेच वाक्य परत म्हणालो, या वेळी ओरडून नाही, आणि 'सर्व सभासदांना' नाही.

"तांबेसाहेब, माझी चूक झाली. मला माफ करा."